सूर धरणारा हमाल

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगायला गावातली तरुण मंडळी आली होती. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही काय वाजवायचात?" मी म्हटलं, "सनई. सूर धरायचो." त्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि त्यातला एकजण म्हणाला, "ते झालंच. पण सूर धरण्याशिवाय?"

इथंच माझं डोकं फिरतं. उभा जन्म हाच प्रश्न ऐकत आलो. तबलजीला कुणी विचारतं का, की तबला वाजवण्याशिवाय काय करता म्हणून? मग मलाच का? तेव्हा मुळशीच्या धरणावर आणि डोंगरांवर चार गोड शब्द हवे असतील तर दुसरा कुणीतरी बघा. त्या धरणाच्या पाण्याखाली आमच्या आज्याचा जमिनीचा तुकडा आहे, मला त्यातलं सौंदर्य दिसत नाही. मला भांडायचं आहे, आणि संपादकांनी पानं दिलीच आहेत तर मी भांडणार.

आधी धंदा काय होता तो सांगतो. सनईचा ताफा म्हणजे तीन माणसं. एक सनई चाल वाजवते, दुसरी सूर धरते आणि तिसऱ्याकडे संबळ. चाल वाजवायचा माझा थोरला भाऊ किसनदादा. मी त्याच्या डाव्या हाताला बसून सूर धरायचो. संबळावर चुलतभाऊ गेनू. सूर धरायचा म्हणजे एकच स्वर लावायचा, चाल सुरू व्हायच्या आधीपासून ती संपेपर्यंत, मध्ये कुठंही न तुटता. आता माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो. तो नाकानं घ्यायचा आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा सनईत ढकलत राहायची. वाचायला सोपं वाटतं. एकदा करून बघा, मग मला भेटायला या.

आमच्या वडिलांनी, आबांनी, मला हे शिकवलं ते पितळीत पाणी घेऊन. पपईच्या पानाची पोकळ दांडी पाण्यात धरायची आणि फुंकायचं. बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. एक अख्खा पावसाळा मी नुसते बुडबुडे काढत होतो. आई म्हणायची, पोरगं खुळं झालं. बुडबुडे थांबायचे बंद झाले तेव्हा कुठं सनई हातात मिळाली.

आबांचा नियम एकच होता. सूर धरणाऱ्यानं आपल्या मनानं थांबायचं नाही. चाल वाजवणाऱ्याची सनई ओठांवरून खाली आली, की मग सूर सोडायचा. त्याआधी मांडव कोसळला तरी नाही. कारण मंगलकार्यात सूर तुटणं हा लोक अपशकुन मानतात, नवरीच्या आईचा चेहरा पांढराफटक पडतो. चाल चुकली तर कुणाच्या ध्यानात येत नाही. दादा चुकलेला मी कितीदा तरी ऐकला आहे, लोक तेव्हाही वाहवा म्हणत होते. पण सूर जरा डगमगला तर जिलबी खाणारं पोरसुद्धा मान वर करतं. आणि तरी फेटा चाल वाजवणाऱ्याला, पानसुपारी चाल वाजवणाऱ्याला. माझ्याकडे बघून म्हणायचे, "ह्यो बी हाय व्हय बरूबर?"

तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू व्हायचा आणि पाऊस लागला की संपायचा. चातुर्मासात लग्नं नाहीत. आमच्या भागातला पाऊस असा, की सनई चुलीवरच्या शिंक्यात टांगून ठेवावी लागायची, नाहीतर तोंडाशी असलेली ताडपानाची पत्ती बुरसून जायची. मग आम्ही तिघं लोकांच्या खाचरात भात लावायचो. कमरेत वाकून चिखलात दिवस काढायचा, तोही मालकानं बोलावलं तर. हंगामातसुद्धा उद्याचं काही खरं नसायचं. कुणाच्या घरी सुतक आलं, लग्न पुढं गेलं, की आमची चूल थंड. माझी बायको शेवंता म्हणायची, "लोकास्नी सुतक लागलं की आपल्याला उपास." त्यात थट्टा नव्हती.

त्यातच कर्णा आला. पौडच्या एकानं बॅटरीवर चालणारा लाऊडस्पीकर आणि तबकड्यांची पेटी आणली आणि लग्नं घ्यायला लागला. त्याच सुमारास आमच्या जवळच्या माले गावातल्या एका बड्या बागाईतदारानं घरच्या लग्नासाठी दादाला बोलावणं धाडलं. आम्ही ओट्याखाली उभे. तो म्हणाला, "किसन, दोन सनया कशापायी? तू वाजीवतोस ते ठीक. ह्यो दुसरा निस्ता प्वां करतुया. त्याला घरी ठिव."

दादा म्हणाला, "बरं मालक. वरातीच्या गाडीला तुमी एकच चाक लावा, म्या एकच सनई आनतो."

झालं. लग्न कर्णेवाल्याला गेलं. मी मुद्दाम बघायला गेलो, मांडवाबाहेर उभा राहिलो. कर्ण्यातून सनईचीच तबकडी वाजत होती. आणि गंमत ऐका, त्या तबकडीतसुद्धा मागं एकजण सूर धरून बसला होता! चांगला होता, दमाचा होता. कुठला कोण कुणास ठाऊक. तबकडीवर त्याचं नाव नसणार हे मी न वाचता सांगतो. ज्या बागाईतदाराला मी नको होतो, त्याच्या मांडवात माझाच एक भाऊबंद फुकट वाजत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं.

मग एक दिवस पौडच्या बाजारात दवंडी ऐकली. सरकारी प्रचार पथक निघणार होतं. गावोगाव जाऊन लोकांना जपानी पद्धतीची भातलावणी, संडास, लशी टोचणं असलं सगळं गाण्याबजावण्यातून सांगायचं. त्यासाठी शाहीर, ढोलकीवाले आणि सनईवाले हवे होते. पगार महिन्याच्या महिन्याला, पावसाळ्यातसुद्धा. त्या "पावसाळ्यातसुद्धा"नं आमच्या दोन घरांत केवढी खळबळ उडाली म्हणून सांगू! शेवंतानं माझं धोतर रिठ्यानं धुतलं. दादानं नवी पत्ती कोरली. आता आपलं सुटलं, असं मला खरोखर वाटलं होतं.

पौडच्या शाळेत परीक्षा होती. पथकाचे साहेब पुण्याचे, जोडीला एक गायनमास्तर आणि एक कारकून. एकेकाला आत बोलावत होते. दादा गेला, वाजवून हसत बाहेर आला. त्याची निवड झाली होती. मग माझा पुकारा झाला.

"हं, वाजवा," साहेब म्हणाले.

"दादाला बोलवा की, सायेब."

"त्यांची परीक्षा झाली. आता तुमची."

"म्या सूर धरतो. चाल त्यो वाजीवतो."

"बरं, मग सूर धरा."

मी सूर धरला. खोटं कशाला बोलू, लागला होता झकास. वर्गाच्या कौलांत घुमत होता. थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "छान. पुढं?" सुराला पुढं नसतं, हे त्यांना कसं सांगणार, तोंडात तर सनई! मी धरून राहिलो. साहेब म्हणाले, "बस." मी थांबलो नाही. "बस म्हटलं ना!" तरी नाही. देवाशपथ सांगतो, मला कुणाचा अपमान करायचा नव्हता. पण लहानपणापासूनची सवय अशी, की बाजूची सनई खाली आल्याशिवाय ओठ सुटतच नाहीत, आणि बाजूला सनईच नव्हती. मी डोळ्यांनी दाराकडे खुणा करत होतो. कारकून उठून उभा राहिला. मास्तर हसायला लागले. शेवटी दादालाच बाहेर कळलं, काय होतंय ते. तो धावत आत आला, आपली सनई ओठाला लावून खाली आणली आणि मी सूर सोडला.

तिघंही पोट धरून हसत होते. साहेब चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "अहो, यांना वाजवताही येत नाही आणि थांबताही येत नाही!" मग जरा समजुतीनं म्हणाले, "हे बघा, सुरासाठी आमच्याकडे सूरपेटी आहे. भाता हलवला की झालं. तिला पगार द्यावा लागत नाही."

ते स्वभावानं वाईट असते तर मला बरं वाटलं असतं. चांगला माणूस होता. मला चहा पाजून वाटेला लावलं. पण ज्या विद्येसाठी मी पावसाळाभर पाठीत धपाटे खाल्ले, तिची किंमत त्या चांगल्या माणसानं एका भात्याएवढी केली. त्याचा राग तेव्हा आला, आजही आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

शाळेच्या आवारात दादा म्हणाला, "न्हाई जायाचं मला. दोगं तर दोगं."

मी त्याच्या अंगावर ओरडलो. "जा म्हंतो ना! दोन चुली इझवून कुनाचं भलं करनार हायेस?"

तो गेला. आणि मला तेव्हा समजलं, की चालीशिवाय सुराला बाजारात कुणी विचारत नाही. आमचा ताफाच मोडला. गेनू पुण्याला हातगाडी ओढायला गेला. मीही पुण्यात एका बँडवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, कुठलीही एक चाल वाजव. मी म्हटलं, सूर धरतो. तो म्हणाला, लग्नाचा बँड आहे हा, प्रेतयात्रा नाही. एका देवस्थानात विचारलं, तर पुजारी म्हणाले, आमच्याकडे घंटा आहे. माणसानं किती ठिकाणी "नाही" ऐकावं त्याला काही मर्यादा? घरी आलो की शेवंता तोंडाकडे बघून समजायची आणि भाकरी पुढं सरकवायची. ती भाकरी दादाच्या पगारातली असायची, म्हणून आणखी गळ्याखाली उतरत नसे.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर दादा घरी आला.

"म्हादू, पथकात एक जागा निगालीया."

"सुराची?"

"हमालाची."

"काय उचलायचं?"

"समदं. सतरंज्या, ग्यासबत्त्या, पडदं." मग फार हळू आवाजात म्हणाला, "सूरपेटी बी."

मी उठून बाहेर गेलो. गोठ्याच्या मेढीला धरून उभा राहिलो, कारण हातात काही असतं तर फेकून मारलं असतं. शेवंता मागनं आली. ती म्हणाली, "पेटी जड हाय का वो?" म्हटलं, न्हाई. "मंग उचला." तिच्यावरही रागावलो. पण रागानं खाचरात भात उगवत नाही. मी गेलो.

अशा रीतीनं मी सरकारी नोकर झालो. ज्या पेटीनं माझी जागा घेतली, ती डोक्यावर घेऊन मी ताम्हिणी घाटाच्या तोंडापासून लवळ्याच्या टेकडीपर्यंत हिंडलो. जन्मभर भात लावलेल्या लोकांना आमचा शाहीर भात कसा लावावा ते गाऊन दाखवायचा आणि ते बिचारे चिखलाचे पाय घेऊन ऐकायचे. एका धनगरवाड्यावरच्या म्हातारीनं मला विचारलं होतं, "जपानात बी आपल्यावानी पाऊस पडतो का रं?" मी म्हटलं, "आजे, म्या निस्ता हमाल हाय."

पण मुळशीच्या दमट हवेनं माझी बाजू घेतली. दुसऱ्याच पावसाळ्यात सूरपेटीच्या भात्याचं कातडं सुटलं. कार्यक्रमाची वेळ झालेली, लोक जमलेले, आणि पेटीतून नुसतं फुसफुस. साहेब इकडेतिकडे बघत माझ्याकडे आले. "अरे म्हादू, ते तुझं एक सूर वाजवणं होतं ना, ते जमेल का आत्ता?"

"जमंल की."

"मग पडद्यामागं बस. खाकी कपड्यात पुढं बरं दिसत नाही."

मी पडद्यामागं बसलो. दादाची सनई फटीतून दिसेल अशी जागा धरली आणि सूर लावला. दादाचा पहिला स्वर त्यावर असा येऊन बसला, की मला भडभडून आलं. रडता येईना, सूर तुटला असता.

तेव्हापासून तीच वहिवाट पडली. पेटी काही दुरुस्त झाली नाही. कशाला होईल? मी होतो ना. पेटीवाला बंद पेटी पुढ्यात घेऊन रंगमंचावर बसायचा आणि भात्यावर उगाच हात हलवायचा. कार्यक्रमाच्या शेवटी कलाकारांची नावं पुकारत. शाहिराचं, ढोलकीवाल्याचं, किसनदादाचं. मग "आणि सूरपेटीवर" म्हणून त्या पेटीवाल्याचं. लोक टाळ्या वाजवायचे. मी पडद्यामागं सतरंज्यांची घडी करायला घ्यायचो. कार्यक्रम आटोपला, की ती मुकी पेटीही मीच डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत जायचो. वर्षानुवर्षं हे चाललं. दादानं एकदोनदा साहेबांकडे विषय काढला. साहेब म्हणाले, "जागा हमालाची आहे, किसनराव. नाव कसं पुकारणार?"

मग एक दिवस वरून हुकूम आला आणि पथक बंद झालं. कलाकार सगळे मानधनावर होते, ते त्याच दिवशी घरी. हमालाची जागा मात्र कायम होती! मला पौडच्या कचेरीत शिपाई म्हणून पाठवलं. सरकारचा हिशेब बघा. ज्याला वाजवता येत होतं म्हणून निवडला, तो रस्त्यावर, आणि ज्याला वाजवता येत नव्हतं म्हणून नाकारला, त्याला पेन्शन. कुणी म्हणेल, तुझं तर भलंच झालं की. त्याला मी एवढंच सांगेन, की माझा भाऊ पांढऱ्या केसांनी पुन्हा लग्नं मागत दारोदार फिरत होता आणि मी कचेरीत साहेबांच्या पाण्याचा तांब्या भरत होतो.

आता दोन्ही घरं माझ्या पगारावर होती. दादाला एखादं लग्न मिळालं की मी सुट्टी टाकून सूर धरायला जायचो. गेनूही पुण्याहून यायचा. कर्णे आता तीन झाले होते, तरी जुनी माणसं आम्हाला बोलवायची. ते कर्णेवाल्याला खुपलं. त्यानं कचेरीत तक्रार केली, की तुमचा शिपाई बाहेर पैसे घेऊन सनई वाजवतो.

आमचे नवे साहेब वयस्कर, निवृत्तीला आलेले. त्यांनी मला बोलावलं. खिडकी उघडी होती आणि खाली पायरीवर दादा बसला होता. मांडीवर फडक्यात गुंडाळलेल्या दोन सनया. संध्याकाळी माल्याला गोरज मुहूर्तावर लग्न होतं आणि तो मला न्यायला आला होता.

साहेब म्हणाले, "म्हादू, नोकरीत राहून बाहेरचा धंदा करता येत नाही. खरं असेल तर मला तुला काढावं लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण पथकातले लोक सांगतात, की तुला वाजवता येत नाही म्हणूनच तर हमालीवर घेतलं होतं. तसं असेल तर तक्रारीत काही अर्थ उरत नाही. तूच सांग. तुला वाजवता येतं का?"

म्हातारा मला वाचवायला बघत होता, हे मला समजत होतं. खाली दादा मान वर करून खिडकीकडे बघत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. दोन घरची पोरं माझ्या जिभेवर बसली होती.

"न्हाई सायेब," मी म्हणालो. "मला न्हाई वाजीवता येत."

"मग झालं तर," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरा कागद पुढं ओढला.

त्या दिवसापर्यंत हे वाक्य लोक माझ्याबद्दल बोलले होते. माझ्या तोंडून ते कुणी काढून घेतलं नव्हतं. मी खाली आलो तेव्हा माझे कान तापले होते. दादानं माझी सनई माझ्या हातात दिली आणि आम्ही माल्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत एकदाच म्हणाला, "येवडा राग धरून दम पुरंल का तुजा?"

"पुरंल," मी म्हटलं.

मांडव भरलेला होता. अक्षता पडल्या, वाजवा वाजवा झालं, गेनूनं संबळावर टिपरी टाकली आणि आम्ही वाजवायला घेतलं. दादा त्या दिवशी फार सुंदर वाजवत होता. चाल संपली. दादानं सनई ओठांवरून काढून मांडीवर ठेवली. संबळ थांबलं.

मी थांबलो नाही.

गेनूनं कोपर मारलं. दादानं माझ्याकडे बघितलं, मग गेनूचा हात धरून त्याला गप्प केलं. मांडवात एकटा माझा सूर उरला. पंगतीकडे निघालेले लोक जागीच उभे राहिले. नवरीच्या आईनं पदर सावरला आणि मान वळवून बघितलं, वाजवतंय कोण ते. दादा सनई मांडीवर ठेवून ऐकत बसला. आयुष्यभर तो माझ्या सुरावर वाजवत आला होता, त्यामुळे तो सूर नुसता ऐकायची त्याला कधी सवडच मिळाली नव्हती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तो हात उचलत नव्हता. मी नाकानं श्वास घेत होतो, गालांनी ढकलत होतो, आणि त्या मांडवात मला थांबवू शकेल अशी सनई कुणाच्याही ओठांवर नव्हती.

मला वाटलं तेव्हा मी थांबलो.